शोपाँच्या प्रेल्यूडमधल्या कॉर्ड्सना नावं काय द्यायची?

प्रश्न: पियानोवर शोपाँचा ई मायनर प्रेल्यूड (छोटी रचना, ओपस २८, नंबर ४) वाजवतेय. अ‍ॅनालिसिस करायला बसले की दुसऱ्या-तिसऱ्या बारमध्येच अडकते, डाव्या हाताच्या कॉर्ड्सना रोमन आकडे (स्केलमध्ये कॉर्डची जागा दाखवणारे) बसतच नाहीत. आणि २३व्या बारमध्ये मधेच सी सेव्हन कसा आला?

उत्तर: आकडे बसत नाहीत कारण तिथे बसवायचेच नाहीत, प्रत्येक कॉर्डला नाव द्यायचा हट्ट आधी सोडा. सुरुवातीला डाव्या हातात जी-बी-ई आहे, म्हणजे ई मायनरच पण खाली जी, आणि तिथून तिन्ही सूर बहुतेक अर्ध्या-अर्ध्या सुराने खाली उतरतात पण सहसा एकत्र नाही, एक सरकतो तेव्हा बाकीचे थांबलेले असतात, मग दुसरा, मग तिसरा. मधे जे काही तयार होतं ते या उतरण्यातून होतं. चौथ्या बारमध्ये ई सेव्हन दिसतो, वाटतं आता ए मायनरला जाणार, पण त्यातला जी शार्प वर ए ला न जाता खाली जी वरच येतो! मला हा तुकडा फार म्हणजे फारच आवडतो.

एक करून बघा, उजवा हात बंद ठेवा आणि डाव्या हातातला फक्त सगळ्यात खालचा सूर गात जा. जी, एफ शार्प, एफ, ई असं करत तुम्ही बी पर्यंत पोचता आणि १२व्या बारमध्ये बी सेव्हन. म्हणजे पहिला अर्धा भाग टॉनिकपासून (मूळ कॉर्ड, इथे ई मायनर) डॉमिनंटपर्यंतचा (पाचव्या सुरावरचा कॉर्ड, इथे बी सेव्हन) एकच लांब उतार आहे, आकडे लिहायचेच तर या दोन टोकांना लिहा. १३ पासून तेच परत, पण यावेळी घाईने.

आता २३वा बार. २१व्या बारमध्ये बी सेव्हननंतर ई मायनर यायच्या ऐवजी सी मेजर येतो, शेवट लांबतो, आणि मग खाली बी फ्लॅट घेऊन तुमचा तो सी सेव्हन. लिहिलाय बी फ्लॅट, पण काम ए शार्पचं करतो (पियानोवर पट्टी तीच), म्हणून याला उलटवलेला जर्मन सिक्स्थ म्हणायचं, म्हणजे डॉमिनंटकडे ओढणारा कॉर्ड, फक्त ए शार्प खाली घेतलेला. सी सेव्हन असता तर एफ कडे गेला असता, हा फर्माटानंतर (खुणेने लांबवलेल्या थांब्यानंतर) बी वर जातो. आख्खा पीसभर खाली उतरणारा बास इथे अर्धा सूर वर चढतो, त्यामुळे ती शांतता मोजून उरकू नका, पूर्ण घ्या. आणि खाली ई असलेला ई मायनर थेट शेवटच्या बारमध्येच येतो, तो जोरात वाजवायचा नाही.