ऑनलाइन अभ्यासक्रमात विद्यार्थी नुसती हजेरी लावतात, भाग घेत नाहीत. त्यांना सक्रिय कसे करावे आणि त्यासाठी कोणते अ‍ॅप चांगले?

प्रश्नाखालच्या तपशिलात तुम्ही लिहिले आहे की पडद्यावर नावे भरपूर दिसतात, कॅमेरे मोजकेच चालू असतात, प्रश्न विचारला की कोणीच बोलत नाही, आणि म्हणून कॅमेरा सक्तीचा करून त्याला सहभागाचे गुण ठेवावेत असे तुमच्या मनात आहे. ते करू नका. सक्तीने तुम्हाला चेहरे मिळतील, सहभाग मिळणार नाही. आणि चेहरे दिसू लागल्यामुळे सहभाग मिळाल्याचा जो भास होईल तो आजच्या स्थितीपेक्षा वाईट, कारण आज निदान काहीतरी बिनसले आहे हे तुम्हाला कळते आहे. विद्यार्थी कॅमेरा का बंद ठेवतात याची पाहणी कॉर्नेल विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात सर्वाधिक सांगितले गेलेले कारण आपण कसे दिसतो याविषयीचा संकोच हे होते. मागे घरातली माणसे आणि खोली दिसणे, इंटरनेटची गती कमी असणे ही कारणेही होती. यांतल्या कोणत्याही कारणाचा अभ्यासातल्या आळसाशी संबंध नाही आणि कोणतेही कारण गुण कापल्याने नाहीसे होत नाही.

हे मी इतक्या ठामपणे लिहितो आहे याला कारण आहे. ज्यांचा मुख्य विषय वेगळाच आहे अशा विद्यार्थ्यांना मी ऑनलाइन सांख्यिकी शिकवतो, म्हणजे ज्यांना हा विषय नकोसा असतो त्यांनाच शिकवतो. सशर्त संभाव्यतेच्या (एक गोष्ट घडली आहे हे माहीत असताना दुसरी घडण्याची शक्यता किती, या विषयाच्या) तासाला मी आधी काहीही न शिकवता पुढील प्रश्न पडद्यावर ठेवतो: एखादा आजार १ टक्का लोकांना असतो, चाचणी आजारी माणसांपैकी ९० टक्क्यांना बरोबर ओळखते, परंतु निरोगी माणसांपैकी १० टक्क्यांनाही चुकून आजारी ठरवते, तर चाचणी होकारार्थी आलेला माणूस खरोखर आजारी असण्याची शक्यता किती? पर्याय ९०, ८०, ५० आणि सुमारे ८ टक्के. प्रत्येकाने पोलमध्ये एकट्याने मत द्यायचे, मग चार मिनिटे कोणाशीही न बोलता आपण तोच पर्याय का निवडला हे सामाईक फाइलमधल्या आपल्या ओळीत लिहायचे, मग तिघा-चौघांच्या ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे मुख्य वर्गातून काही वेळापुरत्या वेगळ्या केलेल्या लहान ऑनलाइन खोलीत जाऊन एकमेकांशी वाद घालायचा, आणि परत आल्यावर पुन्हा मत द्यायचे. पहिल्या मतदानात बहुसंख्य मते ९० टक्क्यांवर पडतात. पडावीत अशीच योजना असते.

अशाच एका तासाला संस्थेने नेमलेले एक ज्येष्ठ निरीक्षक वर्गात आले, आणि नेमके लिहिण्याच्या मिनिटांत आले. त्यांच्या पडद्यावर सगळे माइक म्यूट, जवळजवळ सगळे कॅमेरे बंद आणि शिक्षक गप्प, एवढेच होते. सामाईक फाइलचा दुवा चॅटमध्ये त्यांच्या येण्यापूर्वी टाकलेला असल्यामुळे त्यांना तो दिसला नाही, आणि त्यांनी विचारलाही नाही. ब्रेकआउट रूम सुरू होण्याआधीच ते निघून गेले. अहवालात लिहिले की शिक्षक दीर्घकाळ मौन बाळगून होते, विद्यार्थी निष्क्रिय होते आणि आंतरक्रिया नगण्य होती.

त्याच मिनिटांत फाइलमध्ये काय चालले होते ते सांगतो. निरनिराळ्या रंगांचे कर्सर ओळींवरून हलत होते. एका विद्यार्थिनीने आधी ‘९० टक्के, कारण चाचणी ९० टक्के बरोबर आहे’ असे लिहिले, मग ‘कारण’पासून पुढचे पुसले, थोडा वेळ ओळ तशीच ठेवली, आणि मग लिहिले, ‘पण हे ९० टक्के कोणाचे? आजारी असलेल्यांचे की चाचणी होकारार्थी आलेल्यांचे?’ सशर्त संभाव्यतेचा सगळा धडा या दोन प्रश्नांत आहे, आणि तो मी शिकवण्याआधी तिने स्वतः उकरून काढला होता. दुसऱ्या एकाने १००० माणसे धरून हिशेब मांडायला घेतला: आजारी १०, त्यांतले ९ होकारार्थी, निरोगी ९९०, त्यांतले ९९ चुकून होकारार्थी, म्हणजे एकूण १०८ जणांपैकी खरे आजारी केवळ ९. बारांत एक, म्हणजे सुमारे ८ टक्के. त्याखाली त्याने लिहिले होते, ‘उत्तर इतके कमी येणे शक्य नाही, माझे काहीतरी चुकले आहे.’ त्याचे काहीही चुकले नव्हते, आणि पुढे ब्रेकआउट रूममध्ये त्याच्या गटाला हेच पटवून देताना त्याला तो हिशेब तीन वेगळ्या तऱ्हांनी मांडावा लागला. इतके काम चालू असलेल्या वर्गाला निष्क्रिय म्हणायचे असेल, तर सक्रिय वर्ग मला कोणीतरी दाखवावा.

निरीक्षकांनी तो दाखवलाही. अहवालावर मी लेखी खुलासा दिल्यावर त्यांनी मला स्वतःच्या एका तासाचे रेकॉर्डिंग आदर्श म्हणून पाठवले आणि ‘वर्ग जिवंत वाटला पाहिजे’ असे सोबत लिहिले. रेकॉर्डिंग मी पूर्ण पाहिले. बोलणे ओघवते, विनोद जागच्या जागी, सगळ्यांचे कॅमेरे चालू, मुले हसत होती. दर थोड्या वेळाने ‘समजले का?’ असा प्रश्न येत होता आणि अंगठ्यांची चित्रे वर जात होती. संपूर्ण तासात एकाही विद्यार्थ्याला चुकण्याची संधी मिळाली नाही. ‘समजले का?’ हा शिक्षकाने विचारायचा सर्वांत निरुपयोगी प्रश्न आहे, कारण ज्याला समजलेले नसते त्यालाच ते ठाऊक नसते. दोन्ही वर्गांच्या परीक्षेतल्या याच घटकावरच्या उत्तरपत्रिका शेजारी ठेवून तपासाव्यात अशी विनंती मी केली होती. तिच्यावर आजतागायत उत्तर आलेले नाही.

जिवंत वाटणे आणि शिकणे यांची जोडी जमतेच असे नाही, हे हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या प्रारंभिक अभ्यासक्रमावर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने स्वच्छ दाखवले आहे. एका गटाने सराईत व्याख्यान ऐकले, दुसऱ्याने तोच मजकूर गटात बसून स्वतः सोडवला, आणि पुढच्या घटकाला गटांची अदलाबदल केली. स्वतः सोडवणाऱ्यांनी चाचणीत अधिक गुण मिळवले, पण ‘आपण अधिक शिकलो’ असे मात्र व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटले. स्वतः धडपडताना आपले अडखळणे आपल्याला जाणवत राहते. चांगले व्याख्यान ऐकताना वक्त्याची सफाई आपलीच वाटू लागते. सत्राच्या शेवटी भरून घेतलेल्या अभिप्रायांवर शिक्षकाची किंमत ठरवणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष वाचावा, असे माझे मत आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळतो. मत घ्या, चर्चा करू द्या, पुन्हा मत घ्या ही पद्धत माझी नाही. हार्वर्डमधील भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांनी ती १९९० च्या दशकात रूढ केली. तिचे यश प्रश्नाच्या निवडीवर अवलंबून असते. पहिल्या फेरीत बरोबर उत्तरे साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असतील तर चर्चा चांगली रंगते; त्याहून अधिक असतील तर पुढे जावे, कमी असतील तर आधी थोडे समजावून द्यावे. माझा वरचा प्रश्न पुष्कळदा या खालच्या मर्यादेच्याही खाली जातो, तरीही तो मी सोडत नाही, कारण लिहिण्याची चार मिनिटे मधे असल्यामुळे शंका आधीच पेरलेली असते. हुशार मुलगा बाकीच्यांना उत्तर सांगून टाकतो, ही नेहमीची तक्रारही फारशी टिकत नाही. कोलोरॅडो विद्यापीठातील जनुकशास्त्राच्या वर्गांवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या गटांत सुरुवातीला एकालाही बरोबर उत्तर माहीत नव्हते अशा गटांतील विद्यार्थीही चर्चेनंतर त्याच धर्तीचा नवा प्रश्न अधिक चांगला सोडवू लागल्याचे आढळले.

प्रश्न विचारून झाल्यावर थांबा. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि तो अवधी तीन सेकंदांवर नेला की उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येऊ लागतात, हे अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकातच प्रत्यक्ष वर्गांतून नोंदवले होते. ऑनलाइन वर्गात आवाज पोचायला लागणारा वेळ, माइक सुरू करण्याचा संकोच आणि टंकायला लागणारा वेळ धरला तर तीन सेकंद काहीच नव्हेत. मी चॅटमध्ये उत्तर मागतो तेव्हा ‘सगळे टंका, पण मी सांगेपर्यंत पाठवू नका’ असे सांगतो, एखादे पूर्ण मिनिट जाऊ देतो आणि मग एकदम पाठवायला लावतो. त्यामुळे पहिल्या उत्तराची नक्कल होत नाही आणि संथ लिहिणारा मागे पडत नाही. ब्रेकआउट रूममध्ये पाठवताना मात्र प्रत्येक गटाने परत येताना काय घेऊन यायचे ते एका वाक्यात लेखी द्या. ‘चर्चा करा’ एवढेच सांगितले तर तिथे तुमच्या मुख्य वर्गाहून भयाण शांतता असते.

रेकॉर्ड केलेल्या तासांबाबत सगळे एकच सल्ला देतात की व्हिडिओ लहान करा. त्याला आधार आहे: एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरील चार अभ्यासक्रमांतील ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचे विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात विद्यार्थी सहा मिनिटांपलीकडे क्वचितच टिकून राहतात असे दिसले. परंतु तासाभराचे व्याख्यान कात्रीने दहा ठिकाणी कापले म्हणून कोणी सक्रिय होत नाही. ते दहा वेळा निष्क्रिय होतात, इतकेच. मानसशास्त्राच्या एका मोठ्या खुल्या अभ्यासक्रमावरील २०१५ च्या अभ्यासात अधिक व्हिडिओ पाहण्याच्या किंवा अधिक वाचण्याच्या तुलनेत अधिक सराव करण्याचा शिकण्याशी असलेला संबंध सहापटीहून जास्त आढळला. तेव्हा प्रत्येक तुकड्यानंतर काहीतरी करायला द्या, आणि शक्य असेल तर तुकड्याच्या आधीच द्या.

चर्चामंचावर ‘एक पोस्ट आणि दोन प्रतिसाद अनिवार्य’ हा नियम ज्याने काढला त्याने त्या पोस्ट कधी वाचल्या नसाव्यात. मुदत संपायच्या थोडे आधी ‘खूप छान मांडले आहे, मी पूर्णपणे सहमत आहे’ अशा वाक्यांची रांग लागते. स्वतः लिहिल्याशिवाय इतरांचे दिसणार नाही अशी सोय बहुतेक प्रणालींत असते, ती सुरू करा. प्रत्येकाला वेगळी आकडेवारी द्या. आणि प्रतिसादात सहमती मागण्याऐवजी समोरच्याच्या उत्तरातली सर्वांत कच्ची पायरी कोणती ते लिहायला सांगा. प्रत्येक पोस्टला उत्तर देत बसू नका. आठवड्याच्या शेवटी दोन-तीन पोस्टचे नाव घेऊन त्यांवर तासात बोला, म्हणजे आपले लिहिलेले कोणीतरी वाचते हे सगळ्यांना कळते.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. हे सगळे प्रौढ विद्यार्थ्यांबद्दल आहे. लहान मुलांच्या वर्गात चेहरे दिसणे आवश्यक असते. भाषा, गायन किंवा हाताने करायची कौशल्ये शिकवत असाल तर आवाज आणि कॅमेरा हाच आशय असतो, तिथे माझे म्हणणे लागू नाही. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या दृष्टिबाधित विद्यार्थ्याला गर्दीच्या सामाईक फाइलमध्ये काम करणे फार त्रासाचे जाते, त्याला वेगळी फाइल किंवा ईमेलचा पर्याय द्यावा. पहिले काही आठवडे तक्रारीही येतील की ‘तुम्ही शिकवतच नाही’, आणि तुमची नोकरी अभिप्रायांच्या गुणांवर टांगलेली असेल तर ही पद्धत सर्व तासांना एकदम लागू न करता आठवड्यातून एका तासाला सुरू करा.

अ‍ॅपचे म्हणाल तर पोल, चॅट आणि एकाच वेळी अनेकांना लिहिता येईल अशी कोणतीही फाइल पुरे. नवे अ‍ॅप आणले की पहिला आठवडा पासवर्डमध्ये जातो.

शेवटी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही तरी सांगतो. तुमच्या वर्गाचे निरीक्षण होणार असेल तर सामाईक फाइलचा दुवा निरीक्षकाला आदल्या दिवशी लेखी पाठवा, ते आत येताच चॅटमध्ये पुन्हा टाका, आणि तास संपल्यावर फाइलची बदलांच्या नोंदींसह प्रत अहवालाला जोडावी अशी लेखी मागणी करा. कोणी कोणत्या मिनिटाला काय लिहिले आणि काय पुसले हे त्या नोंदींत राहते, त्यामुळे ‘आंतरक्रिया नगण्य’ असे लिहिणाऱ्याला ते त्या पानासमोर लिहावे लागते. मी ही मागणी आता प्रत्येक वेळी करतो. तिला अजून कोणी लेखी नकार दिलेला नाही आणि प्रतही अजून कोणी जोडलेली नाही.