भागून बघ

मुली,

९१ मूळ संख्या आहे असं तू ठामपणे लिहिलंस, कारणही दिलंस: ९० ही ६ ची पट, तिच्या पुढची संख्या, म्हणून मूळ. क्लासच्या नोट्समधली ट्रिक! ३ च्या पुढची प्रत्येक मूळ संख्या ६ च्या पटीच्या एक अलीकडे किंवा एक पलीकडे असते, एवढंच खरं. उलट बाजूनं ते लागू पडत नाही. २५ घे, ३५ घे, ५५ घे. आणि ९१? तेरा साते एक्याण्णव. भागून बघायचं होतंस ना!

परीक्षेत भागाकाराला वेळ कुठे, असं विचारतेस. किती भागाकार करायचेत ते तरी मोजलंस का? १०० च्या आतल्या संख्येचे दोन्ही अवयव १० पेक्षा मोठे असूच शकत नाहीत, ११ × ११ म्हणजेच १२१ होतात. म्हणून २, ३, ५ आणि ७ पुरे. २ आणि ५ शेवटच्या अंकावरून कळतात, ३ अंकांच्या बेरजेवरून. उरला ७. आणि या पहिल्या तिघांतून निसटणाऱ्या संयुक्त संख्या शंभरात तीनच: ४९, ७७, ९१. पहिल्या दोन तुला पाढ्यात दिसतातच. एका ९१ साठी ट्रिक कशाला पाठ करायची? भागून बघ.

मी वर्गात मूळ संख्यांचा तक्ता कधी लावू दिला नाही. शिष्यवृत्तीच्या दिवसांत पालक तक्रार करायचे, सहकारी म्हणायचे अभ्यासक्रम मागे पडतोय. पडू दे. ग्रीक गणिती एराटोस्थेनिसनं सुमारे २२०० वर्षांपूर्वी दाखवलेली चाळणी मुलांनी पाटीवर स्वतः चालवावी, २ ते १०० लिहून २ ठेवून त्याच्या पुढच्या पटी खोडाव्यात, मग ३ च्या, ५ च्या, ७ च्या, आणि उरलेल्या २५ स्वतः मोजाव्यात, हाच माझा हट्ट होता. आजही आहे. वाईट एवढंच वाटतं की त्यातलीच कितीतरी मुलं पुढे क्लासला जाऊन तक्ते घोकू लागली.

१ मूळ का नाही, हेही विचारलंस. हा प्रश्न मला आवडला. मूळ संख्येला बरोबर दोन विभाजक लागतात, १ ला एकच आहे. शिवाय १२ चे मूळ अवयव २ × २ × ३, एवढेच. १ ला आत घेतलंस तर २ × २ × ३ च्या मागे हवे तितके १ लावता येतील आणि १२ ची ही एकमेव मांडणीच मोडेल.

विभाजक काढताना तुझे नेहमी एकदोन सुटतात, कारण तू ते सुटे सुटे शोधतेस. जोड्यांनी लिही. ३६ साठी १ आणि ३६, २ आणि १८, ३ आणि १२, ४ आणि ९, मग ६ स्वतःशीच. ६ ला पोचलीस की थांब, पुढे त्याच जोड्या उलटून येतात. एकूण ९. वर्गसंख्येच्या विभाजकांची संख्या नेहमी विषम का येते, ते आता तूच सांग.

आणि २२१ व २२३ मूळ आहेत का, ते करून पाठव. १५ × १५ = २२५, म्हणजे १३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागायचं. नुसतं उत्तर नको, प्रत्येक भागाकाराची बाकी लिही.