झटपट डिपोर्टेशनची माहिती कोणाकडे आणि कशी मागायची

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत आसरा मागायला आलेल्या कुटुंबांना भराभर परत पाठवायचे जे प्रोग्रॅम निघतात त्यांची माहिती सरकार देतं का, आणि आपल्या आरटीआयसारखं तिकडे काही आहे का. आहे, फोइया म्हणतात, १९६६ चा कायदा, आणि इथे इमिग्रेशन वकिलांच्या ऑफिसात तेच अर्ज भरणं माझं रोजचं काम आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खरी गोची वेळेची आहे. मे २०२३ मध्ये आइसने (इमिग्रेशनची धरपकड आणि रवानगी करणारं सरकारी खातं) 'फर्म' नावाचा कुटुंबांना झटपट परत पाठवायचा प्रोग्रॅम सुरू केला, आधी बाल्टिमोर, शिकागो, नेवार्क आणि वॉशिंग्टन, मग बरीच शहरं वाढली. त्यात कुटुंबाला डांबून ठेवायचे नाहीत पण घरातल्या एका मोठ्या माणसाच्या घोट्याला जीपीएसचा पट्टा बांधायचे, रात्री ११ ते पहाटे ५ घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, थोड्याच दिवसांत भीतीची मुलाखत (म्हणजे मायदेशी परतायची भीती खरी वाटते का ते तपासणारी), आणि त्यात नापास झालात की साधारण महिन्याभरात रवानगी असा सगळा बेत होता. आता फोइयाला उत्तर द्यायची मुदत आहे २० कामाचे दिवस, म्हणजे सगळं अगदी वेळेवर झालं तरी महिना गेलाच, आणि वेळेवर होत नाहीच. आपल्या आरटीआयमध्ये कोणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत माहिती द्यायची असं कायद्यातच लिहिलंय, इथे तसं नाही, इथे घाईची विनंती करता येते पण १० दिवसांत ते एवढंच सांगतात की अर्ज पुढे घेणार का नाही, कागद मिळणं लांबच.

आणि हे फर्मपासूनच आहे असंही नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये टेक्ससच्या सीमेवरच्या एल पासोला असेच झटपट निकाल लावायचे दोन प्रोग्रॅम काढले होते, मेक्सिकोच्या लोकांसाठी 'हार्प' आणि बाकीच्यांसाठी 'पेकर', माणसं बॉर्डर पेट्रोलच्याच ताब्यात, वकिलाला आत यायची सोय नाही, जे काय बोलायचं ते फोनवर. त्याच डिसेंबरात तिथल्या लास अमेरिकाज या स्थलांतरितांना कायद्याची मदत करणाऱ्या संस्थेने इतरांबरोबर या प्रोग्रॅमविरुद्ध केस केली, २०२० च्या शेवटी कोर्टाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. मग जानेवारी २०२१ मध्ये हे प्रोग्रॅम चालवणाऱ्या होमलँड सिक्युरिटी खात्याच्याच इन्स्पेक्टर जनरलने (आतल्या तपासनिसाने) रिपोर्ट दिला की प्रोग्रॅम नीट राबवलेला नाही, पण तो तर कोविडमुळे मार्च २०२० पासून बंदच होता आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये बायडन यांनी थांबवायचा आदेशही काढला! ज्या आयांना मुलांसकट परत पाठवलं त्यांना त्या रिपोर्टचा काय उपयोग, सांगा. मला याचाच संताप येतो, नियम लोकांना आधी कळायला हवेत, निवाडा झाल्यावर नाही.

म्हणून माझं म्हणणं, आकडे मागण्याआधी नियम मागा. कर्मचाऱ्यांना दिलेल्या ज्या सूचनांचा जनतेवर परिणाम होतो त्या कोणी न मागता प्रसिद्ध करायच्या असं फोइयातच आहे, आणि तीन किंवा जास्त वेळा मागितला गेलेला कागदही वेबसाइटवर टाकावा लागतो, हे अर्जात ठणकावून लिहा. अर्ज एका ठिकाणी टाकून भागत नाही, पट्टा आणि रवानगी आइसकडे, भीतीची मुलाखत यूएससीआयएसकडे (इमिग्रेशनचे अर्ज तपासणारं खातं), सीमेवरची पकड सीबीपीकडे (बॉर्डर पेट्रोल याच खात्यात येतं), आणि जज्जाने मुलाखतीचा निकाल तपासला असेल तर ते ईओआयआरकडे (इमिग्रेशन कोर्टं चालवणारं ऑफिस), जे वेगळ्याच न्याय खात्याखाली येतं. "फर्मविषयी सगळं" असं मोघम लिहू नका, तारखा घाला, मेमो, ट्रेनिंगची स्लाइड, मुलाखतीआधी वकील शोधायला किती वेळ द्यायचा याच्या सूचना, असं नेमकं लिहा.

कागद आले की बरेचदा पान उघडलं तर वरचं शीर्षक आणि खालचा पान नंबर दिसतो, मधे सगळं झाकलेलं आणि कडेला 'बी ५' नाहीतर 'बी ७ ई', पहिलं म्हणजे आतली चर्चा, दुसरं म्हणजे तपासाची पद्धत. घाबरून सोडून देऊ नका. आतली चर्चा ही सूट निर्णय व्हायच्या आधीच्या मसुद्यांना आहे, लागू झालेल्या नियमाला नाही, अपिलात हाच मुद्दा धरा. अपिलाला निदान ९० दिवस मिळतात, आणि मुदत उलटूनही उत्तरच आलं नसेल तर अपिलाची वाट न बघता सरळ फेडरल कोर्टात जाता येतं, मग जज्ज दर महिन्याला इतकी पानं द्या असं ठरवून देतात.

एखाद्या कुटुंबाची स्वतःची फाइल हवी असेल तर तो अर्ज यूएससीआयएसकडे वेगळा करायचा, त्यांची सही लागते, आणि तो पहिल्याच दिवशी टाका, वकील नंतर मिळाला तरी चालेल.