बारा बोर मोठी की तीनशे पंधरा?

प्रश्न असा आलाय: आफ्रिकेतल्या शिकारीवरचा एक लेख मराठीत करतोय. ‘बिग गेम’साठी, म्हणजे हत्तीसारख्या मोठ्या जनावरांसाठी, कोणतं कॅलिबर (नळीचं माप) योग्य, याची त्यात बरीच चर्चा आहे. कॅलिबरला ‘बोर’ म्हटलं तर चालेल का? आमच्या चंद्रपूरकडे तर सगळे बोरच म्हणतात.

म्हणतात खरं, पण हा बोर फसवा आहे. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. अशाच एका रांगेत दोन काकाजी उभे होते, दोघांकडेही पीक राखायच्या बंदुका. मुन्शीनं एकाच्या नावापुढं ‘१२ बोर’ लिहिलं, दुसऱ्याच्या ‘३१५ बोर’. पहिले काकाजी खवळले. “त्याची तीनशे पंधरा न माही बाराच? मंग नळी माहीच जाड काहून हाये?” आणि त्यांनी नळीच्या तोंडात बोट घालून दाखवलं. शेजारच्या रायफलीत करंगळीचं टोकही शिरेना.

काकाजींचा सवाल बिनतोड होता. बारा बोरातला बारा हा मापाचा नाही, मोजणीचा आकडा. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घ्या. एका पौंडात अशा बारा गोळ्या बसल्या की ती बारा बोर. म्हणजे एकेक गोळी सव्वातीन तोळ्यांच्या आसपास, आणि नळी साधारण साडेअठरा मिलिमीटर. वीस बोर म्हटलं की पौंडात वीस गोळ्या, म्हणून नळी आणखी बारीक. आकडा वाढला की माप घटतं.

३१५चा हिशोब वेगळा. तो ०.३१५ इंच, म्हणजे आठ मिलिमीटर. शाळेतल्या पेन्सिलीहून जरासा जाड. बोलताना दशांश चिन्ह गळालं आणि तीनशे पंधरा उरलं. हे मापही इंग्रजी अमदानीच्या धोरणातून रुजलं: लष्कराच्या थ्री नॉट थ्रीचं काडतूस बाहेरच्यांच्या रायफलीत चालू नये, म्हणून नागरिकांना वेगळं माप. परवान्याच्या भाषेतला ‘निषिद्ध बोर’, म्हणजे सर्वसामान्यांना मनाई असलेलं माप, त्याच वळणाचा. (चारशे दहा ही छऱ्यांची बंदूक असूनही इंचातच मोजतात. अपवाद असायचेच.)

शब्द म्हणून बोर इंग्रजीच, भोक पाडण्याचा. शेतात बोर मारतो तोही हाच. वर्ध्याकडचा बोर व्याघ्र प्रकल्प मात्र बोर नदीचा. त्याचा बंदुकीशी संबंध नाही, नसलेलाच बरा. कॅलिबर मुळात अरबी ‘क़ालिब’ म्हणजे साचा, त्यातून युरोपात गेला असं बहुतेक कोशकार मानतात. ‘दो क़ालिब, एक जान’ (दोन देह, एक जीव) मधला क़ालिब तोच.

आता तुमचा लेख. त्यात ०.३७५ इंच येणार हे नक्की. १९१२ साली आलेलं हॉलंड अँड हॉलंडचं ते काडतूस. हत्ती, रानम्हैस यांसाठी आफ्रिकेतल्या अनेक देशांत निदान एवढं तरी हवं असा दंडक आहे. याला ‘तीनशे पंचाहत्तर बोर’ म्हणाल, तर बारा बोरवाला वाचक काकाजींसारखाच गोंधळेल. ‘कॅलिबर’ राहू द्या, आणि पहिल्यांदा येईल तिथं ‘नळीचा व्यास’ म्हणून फोड करा.

पण माझी खरी तक्रार कॅलिबर ‘निवडण्या’वर आहे. ०.३०८ विंचेस्टर आणि थर्टी-ऑट-सिक्स, दोन्हींच्या गोळीचा व्यास एकच, काडतुसं वेगळी. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. गोळी किती जड, तिची बांधणी कशी, मागं दारू किती, हे सगळं त्या काडतुसात आलं. जाड कातडी नि हाड फोडून आत जायचं तर घट्ट, न पसरणारी गोळी लागते. नुसत्या व्यासानं भागत नाही. शिकारी निवडतो ते काडतूस. मग मराठीत सरळ ‘कोणत्या काडतुसाची रायफल घ्यावी’ असं लिहा. काडतूस पोर्तुगीजांकडून येऊन आपल्यात कधीच मुरलंय.

‘बिग गेम’चा ‘मोठा खेळ’ तेवढा करू नका, असं झालेलं मी छापील पाहिलंय. ‘मोठी शिकार’ पुरे. ‘शिकार’ म्हणजे शिकारीचं कामही आणि ज्याच्या मागावर आहोत ते जनावरही. इंग्रजी ‘गेम’सारखीच दुहेरी सोय. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हा शब्द जंगलाबाहेर काढला, आता पीक नासवणारं रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) आणि वनखात्याची परवानगी एवढ्यापुरताच तो उरलाय.

गोळीचं वजन तुमच्या लेखात ‘ग्रेन’मध्ये असेल. त्याचे ‘दाणे’ करू नका. इंग्रजी अमदानीत तोळा १८० ग्रेनचा ठरला होता, तेव्हा ०.३७५ची ३०० ग्रेनची गोळी भरते १ तोळा ८ मासे. सोनाराला हे लगेच कळेल, शिकाऱ्यासाठी ग्रेनच ठेवा.