गेरीसाहेबांचं जनावर

प्रश्न : मी एका रुग्णालयात ड्यूटी-चार्ट लावते. मागे वॉर्डांची वाटणी नव्यानं केली, तेव्हा आमचे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "सिस्टर, यू हॅव जेरीमँडर्ड द होल थिंग!" सगळे हसले म्हणून मीही हसले. अर्थ मात्र कळला नाही. ही शिवी आहे का? आणि हा जेरी कोण?
– एक वाचक, मिरज

उत्तर : शिवी नाही हो सिस्टर, पण शाबासकीही नाही. आपल्या पक्षाला जास्त जागा मिळाव्यात अशा बेतानं मतदारसंघाच्या सीमा वाकड्यातिकड्या आखणं, याला जेरीमँडर करणं म्हणतात. बोगस मतदान नाही की मतपेट्या पळवणं नाही. लोक सरळ मतं देतात. डाव त्याआधीच, नकाशावर पेन्सिल फिरवताना टाकलेला असतो.

तुमचा जेरी म्हणजे एल्ब्रिज गेरी. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक, पुढे मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर. 1812 च्या फेब्रुवारीत त्यानं राज्याच्या सिनेटचे मतदारसंघ नव्यानं आखणाऱ्या कायद्यावर सही केली. त्यातला एक मतदारसंघ चेल्सीपासून निघून एसेक्स परगण्याच्या कडेकडेनं वळसा घालत थेट उत्तरेच्या सॅलिसबरीपर्यंत गेला होता. विरोधकांच्या 'बोस्टन गॅझेट'नं 26 मार्चच्या अंकात त्याचा नकाशा छापला, पण त्याला पंख, नख्या आणि दात काढून! पालीसारख्या दिसणाऱ्या सॅलमँडर या प्राण्याचं शेपूट गेरीच्या नावाला जोडलं आणि झाला 'गेरीमँडर'. नाम आधी, क्रियापद मागोमाग.

डाव साधला. मतं कमी पडूनही गेरीच्या पक्षाला सिनेटच्या 40 पैकी 29 जागा मिळाल्या. गेरी स्वतः मात्र पडला, कारण गव्हर्नरसाठी अख्खं राज्य मत देतं. तिथं रेघा काय कामाच्या? हा कायदा त्याला मनातून पसंत नव्हता, असं त्याच्या जावयानं लिहिलेल्या चरित्रात आहे. जावयाची साक्ष कितपत धरायची, ते तुम्ही ठरवा. पुढच्याच वर्षी गेरी देशाचा उपाध्यक्ष झाला, पण नाव राहिलं ते या जनावरापुरतं.

युक्ती कशी चालते हे पाहायला मला अमेरिकेपेक्षा उत्तर आयर्लंडमधलं डेरी शहर बरं वाटतं, कारण तिथले आकडेच बोलतात. 1967 मध्ये तिथल्या नगरपालिकेचे कॅथलिक मतदार 14,429 आणि इतर, म्हणजे बहुतेक प्रोटेस्टंट, 8,781. सरळ हिशेबानं सत्ता कॅथलिकांची. पण प्रभाग तीन. दक्षिण प्रभागात 10,047 कॅथलिक कोंबलेले, समोर जेमतेम 1,138, जागा 8. उत्तर प्रभागात 2,530 विरुद्ध 3,946. जागा तिथंही 8. वॉटरसाइडमध्ये 1,852 विरुद्ध 3,697, जागा 4. निकाल काय? बहुसंख्याकांना 8 आणि अल्पसंख्याकांना 12! एका ठिकाणी दहा हजार मतं नुसती साठवून ठेवली, उरलेली दोन ठिकाणी विखरून निकामी केली. साठवणं आणि विखुरणं, एवढ्या दोनच क्लृप्त्या. बाकी सगळा तपशील. 1968 मध्ये तिथं नागरी हक्कांसाठी लोक रस्त्यावर आले, त्यात हीही चीड होती.

आपल्याकडे पालिका निवडणुकीआधी प्रभाग रचनेचा मसुदा आला की "अमक्याच्या सोयीची रचना" अशी ओरड होते. ती ओरड याच जातीची. मात्र सीमा बदलल्या की लगेच हा शब्द फेकू नये. लोकसंख्या सरकते तशा सीमा बदलाव्याच लागतात. कुणाच्या तरी फायद्यासाठी वाकवल्या, तरच जेरीमँडर.

उच्चाराची एक गंमत. गेरी स्वतःचं नाव 'ग'नंच उच्चारायचा. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी पुढे या शब्दातल्या 'ग'चा 'ज' झाला. तेव्हा एखादं मराठी वर्तमानपत्र 'गेरीमँडरिंग' छापतं, त्याला हसू नका.

राहता राहिला तुमचा चार्ट. निवडणुकीबाहेरही हे क्रियापद सर्रास वापरतात, त्यामुळे साहेबांचं इंग्रजी बरोबर आहे. आरोप बरोबर आहे का, हे मिरजेहून तुम्हीच सांगू शकाल : नव्या वाटणीत रात्रपाळ्या कुणाच्या कमी झाल्या?