गच्चीवरची मुलगी आणि हवाईदलप्रमुखाची खुर्ची

प्रश्न : मुलगी अकरावीत, विज्ञान शाखेला. दाबोळीवरून लढाऊ विमान उडालं की पुस्तक टाकून गच्चीवर धावते. म्हणते, मी हवाईदलप्रमुख होणार. दीर म्हणतात, फायटर पायलटशिवाय तिथं कोणी पोचत नाही, आणि बाई तर नाहीच. खरं काय?
– एक आई, वास्को

उत्तर : ताई, गच्चीवरून दिसतात ती मिग-29के हवाईदलाची नव्हेतच. दाबोळीचा तळ, आयएनएस हंसा, नौदलाचा, विमानंही त्यांचीच. मुलीला हे आधी सांगा, मुलाखतीत फजिती नको.

दीर बरेचसे बरोबर आहेत. प्रमुख बहुतेक फायटरवालेच. पण 2007 ते 2009 प्रमुख असलेले फली मेजर हेलिकॉप्टरचे पायलट. त्यांच्यानंतर आले नागपूरचे प्रदीप नाईक. जून 1969 ला कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून रुजू, मे 2009 ला प्रमुख. म्हणजे चाळीस वर्षांना महिनाभर कमी! नांदेडकडचे विवेक राम चौधरी डिसेंबर 1982 ला रुजू झाले, सप्टेंबर 2021 ला प्रमुख. मुदत तीन वर्षं किंवा वयाची 62, जे आधी येईल ते. नाईकांना म्हणून सव्वादोन वर्षंही मिळाली नाहीत. प्रमुखाच्या खालच्या पायरीवरचे एअर मार्शल तर साठीलाच निवृत्त. वर जागा रिकामी होते तेव्हा तुमचं वय काय, यावर बरंच अडतं. जन्मतारखेला कोण काय करणार?

मी एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा नि चाकं बघणारा, जन्म डांगरीत गेला. पुढं प्रमुख कोण होणार ते आम्हाला कळत नसे, पायलट कसा आहे ते मात्र चटकन कळे. उड्डाणाआधी पायलटला फॉर्म 700 वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीवर, सही करायची असते. काहीजण पान उलटून सही ठोकत. एक पोरगेला फ्लाइंग ऑफिसर मागच्या नोंदीसुद्धा वाचायचा, मग वाकून टायरवरून तळवा फिरवायचा. एका सकाळी त्याच्या बोटाला टायरवरची चीर लागली. ती माझ्या नजरेतून सुटली होती. ओरडला नाही. ‘चाक बदलू या’ म्हणाला आणि आमचं होईपर्यंत पंखाच्या सावलीत बसून राहिला. तो ग्रुप कॅप्टन होऊन, प्रमुखपदाच्या बराच खालीच, घरी गेला. माझ्या लेखी त्यात काही कमी नव्हतं.

राहिला बाईचा प्रश्न. हवाईदलात 2016 पासून मुली फायटर उडवताहेत. अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, एनडीएत, त्या 2022 ला आल्या. पहिल्या सतराजणी मे 2025 मध्ये तिथून बाहेर पडल्या. चाळीस वर्षांचा हिशेब लावला तर दिरांना 2056 पर्यंत थोडं थांबायला सांगा.

तोवर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित सोडू देऊ नका. आणि आज तिची उंची मोजा. पायलटला 162.5 सेंटिमीटर लागते. टाचा भिंतीला टेकवून, अंबाडा सोडून मोजा, नाहीतर दोन सेंटिमीटर केसांचेच निघतील.