परदेशी झेंड्याच्या मालवाहू जहाजाची सुरक्षा तपासणी बंदरात कोण करतं? त्यात नेमकं काय बघतात?

तुमचा धाकटा भाऊ पनामाच्या झेंड्याच्या बल्क कॅरिअरवर (कोळसा, धान्य असा सुटा माल नेणाऱ्या जहाजावर) चाललाय, मालक तिसऱ्याच देशातला, मग त्या जहाजाकडे कुणी बघतं का, असं तुम्ही विचारलंय. बघतात. मी जहाजावर इंजिनिअर आहे. या तपासणीला आम्ही पीएससी म्हणतो, म्हणजे पोर्ट स्टेट कंट्रोल.

जहाजाची पहिली जबाबदारी झेंडा देणाऱ्या देशाची. पण तो देश हजारो मैल दूर. १९७८ मध्ये लायबेरियाच्या झेंड्याचा 'अमोको कॅडिझ' टँकर फ्रान्सच्या किनाऱ्यावर फुटला, दोन लाख टनांहून जास्त कच्चं तेल समुद्रात गेलं. त्यानंतर १९८२ मध्ये युरोपातल्या १४ देशांनी पॅरिसमध्ये करार केला: आमच्या बंदरात येणारं जहाज आम्हीही तपासणार. हिंदी महासागरातल्या देशांचा असाच करार १९९९ पासून लागू आहे. त्याचं सचिवालय आपल्या गोव्यात आहे. भारतात डीजी शिपिंग या सरकारी जहाज खात्याच्या हाताखालचे सर्व्हेअर, म्हणजे तपासणी अधिकारी, जहाजावर चढतात.

सुरुवात कॅप्टनच्या केबिनमध्ये कागदांनी होते. सर्टिफिकेट चालू, जहाज बरं दिसतंय, तर एक फेरी मारून काम आटोपू शकतं. शंकेला जागा मिळाली की मात्र सगळं उघडायला लावतात. मुरलेला सर्व्हेअर गँगवे (जहाजावर चढायचा जिना) चढतानाच गंज, तुटकी रेलिंग, ड्युटीवरच्या माणसाचा चेहरा बघून अंदाज बांधतो, असं माझं मत आहे.

आमची खरी परीक्षा खाली, इंजिन रूममध्ये. इमर्जन्सी जनरेटर चालू करून दाखवा. वीज गेल्यावर तो आपोआप ४५ सेकंदांच्या आत सुरू होऊन वीज पुरवायला हवा. इमर्जन्सी फायर पंपाचं पाणी डेकवर जोरात येतं का? लाइफबोटीचं इंजिन लागतं का? बिल्जचं, म्हणजे जहाजाच्या तळाशी साचलेलं तेलकट पाणी बाहेर सोडताना त्यात तेल १५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत १५ भाग) वर नको, म्हणून तेल वेगळं करणारा सेपरेटर आणि तेलाच्या नोंदींचं ऑइल रेकॉर्ड बुक ताडून बघतात. फायर ड्रिलही घेतात. यंत्रं रात्रभर खपून चकचकीत करता येतात, पण ड्रिलमध्ये कुणाला कुठे उभं राहायचं हेच माहीत नसेल तर ते झाकता येत नाही.

चूक सापडली की कोड पडतो. १७ म्हणजे निघण्याआधी दुरुस्त करा. ३० म्हणजे डिटेन्शन, जहाज जागचं हलत नाही. मालक घाबरतो तो यालाच, कारण उभ्या जहाजाचा रोजचा खर्च प्रचंड असतो.

तरीही पास झालेलं जहाज धडधाकटच, असं धरू नका. काही तासांत एक-दोन माणसं जेवढं बघू शकतात तेवढंच बघून होतं.

पगार थकणं, सडकं जेवण, झोपेचे तास खोटे लिहायला लावणं हेही खलाशांच्या हक्कांच्या एमएलसी २००६ या आंतरराष्ट्रीय करारामुळे या तपासणीत येतं. भावाला सांगून ठेवा: सर्व्हेअरकडे तक्रार करता येते आणि नाव गुप्त ठेवायचा नियम आहे.

आत्ता एक करा. भावाला नोकरी लावणाऱ्या एजंटाकडून जहाजाचा सात आकडी आयएमओ नंबर, म्हणजे जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक, घ्या. नाव आणि झेंडा बदलला तरी तो बदलत नाही. इक्वासिस नावाच्या साइटवर फुकट खातं उघडून तो टाका. जहाज कुठल्या बंदरात तपासलं, किती चुका निघाल्या, कधी अडकवलं ते दिसेल. एजंट नंबर द्यायलाच टाळाटाळ करत असेल तर मी तरी भावाला त्या जहाजावर पाठवणार नाही.